मोटारीचा रंग आणि खालचा पत्रा
(प्रौढांच्या रात्रवर्गात केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही जण हसतील. जुन्या मोटारीचा उडालेला रंग! साक्षरतेच्या वर्गात त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण आपल्या वर्गावरून जरा नजर फिरवा. कोणी व्हॅनमधून दूध घालतो, कोणी मासळीच्या पेट्या नेतो, कोणी गॅरेजात पत्रा ठोकतो. कोणाच्या घरी जुनी मारुती दारात उभी आहे. कोरी करकरीत गाडी घेणारे आपल्यांत थोडे. जुनी घेणारेच फार. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

मारुती ८०० ही छोटी मोटार १९८३ साली निघाली. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. ऑम्नी व्हॅन १९८४ साली आली आणि २०१९ साली तीही बंद झाली. म्हणजे आज यांतली कोणतीही गाडी बाजारात घ्यायची तर ती जुनीच मिळणार. जुनी म्हटली की रंग फिका पडलेला, कुठे पापुद्रे सुटलेले, कुठे फोड आलेले. मग आपण काय करतो? गॅरेजात जातो आणि म्हणतो, “दादा, एक हात मारून द्या. नव्यासारखी दिसली पाहिजे.”

“दिसली पाहिजे” हे दोन शब्दच आपला घात करतात. रंग हा दिसण्यासाठी असतो ही गोष्ट अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी आज समजून घेऊ.

रंग म्हणजे काय?

मोटारीचे अंग लोखंडी पत्र्याचे. तो पत्रा किती जाड? साधारण पाऊण मिलिमीटर. त्यावरचा रंग किती जाड? कारखान्यात दिलेले सगळे थर मिळून एक दशांश मिलिमीटर, किंवा त्याहून थोडे जास्त. डोक्याचे दीड-दोन केस एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल तेवढीच. एवढ्याशा पापुद्र्याच्या जिवावर गाडी ऊन-पाऊस झेलते.

हे थर कोणते? कारखान्यात आधी पत्रा धुऊन त्यावर फॉस्फेट नावाच्या क्षाराचा पातळ लेप देतात. मग गाडीचा सगळा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने तो प्रायमर कानाकोपऱ्यात चिकटवतात. प्रायमर म्हणजे अस्तर. अस्तरावर रंग येतो. पुष्कळ गाड्यांना रंगावर आणखी एक पारदर्शक थर असतो. चकाकी त्याची असते, आणि उन्हाचा पहिला मार तोच खातो. जुन्या साध्या पांढऱ्या किंवा लाल गाड्यांवर हा पारदर्शक थर बरेचदा नसतो. तिथे रंग हाच शेवटचा थर.

आता हे सगळे कशासाठी? लोखंडाला हवा आणि पाणी एकत्र लागले की गंज चढतो. त्यात मीठ मिसळले की गंज धावत येतो. रंग हा पत्र्याचा अंगरखा आहे. तो हवा-पाणी बाहेर ठेवतो. अंगरखा फाटला की आतले अंग उघडे पडते.

आपल्याकडचे जुने रंगारी अजून ‘ड्युको’ मारणे म्हणतात. हा शब्द कुठून आला? १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्युपाँट कंपनीने ड्युको नावाचा झटपट वाळणारा रंग काढला. त्याआधी मोटारी कुंचल्याने रंगवाव्या लागत आणि रंग वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागत. ड्युको फवाऱ्याने मारता येई आणि लवकर वाळे. कंपनीचे नाव गेले, पण शब्द आपल्या गॅरेजात राहिला. त्याच जातीच्या रंगाला आपले पेंटर आज ‘एन. सी.’ म्हणतात. त्याहून टिकाऊ तो ‘पी. यू.’. त्यात कठीण होण्यासाठी हार्डनर मिसळावा लागतो. हा हार्डनर शब्द ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

रंग बिघडतो तो तीन तऱ्हांनी

वैद्य आधी नाडी पाहतो, मग पुडी देतो. तसेच इथे. बिघाड कोणता ते ओळखल्याशिवाय औषध करू नये.

पहिली तऱ्हा, रंग फिका आणि पिठूळ होणे. बोट फिरवले तर बोटाला भुकटी लागते. उन्हाने रंगातला चिकट भाग मरतो आणि रंगाची पूड मोकळी होते. लाल गाडी गुलाबी दिसू लागते ती यामुळेच. टप आणि बॉनेट यांच्यावर हे आधी दिसते, कारण ऊन तिथे थेट पडते.

दुसरी तऱ्हा, वरचा पारदर्शक थर सुटणे. आधी पांढुरके डाग दिसतात, मग उन्हाने भाजलेल्या पाठीच्या कातडीसारखे पापुद्रे निघतात.

तिसरी तऱ्हा, फोड येणे. चाकांच्या वरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि दाराखालचा उंबरा ही त्याची आवडती ठिकाणे. रंग टपोरा फुगतो. नखाने दाबला तर कुरकुरतो. आत तांबडी भुकटी असते.

पहिल्या दोन तऱ्हा वरून खाली जातात. तिसरी बहुतेक वेळा खालून वर येते. तिच्यातच खरा धोका आहे.

फिका रंग : घरचे काम

फिक्या रंगासाठी लगेच पेंटरकडे धाव घेऊ नका. आधी गाडी सावलीत उभी करा आणि भरपूर पाण्याने धुवा. दोन बादल्या घ्या. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळण्यासाठी साधे पाणी. एकाच बादलीत फडके बुडवत राहिले तर तीच वाळू पुन्हा गाडीवर फिरते. कोरड्या फडक्याने धूळ झटकू नये. धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती फडक्याखाली कानशीचे काम करते.

कपड्यांची किंवा भांड्यांची पावडर वापरू नये. ती मेणाचा थर काढून टाकते. काही ड्रायव्हर गाडी डिझेल किंवा रॉकेलने पुसतात. घटकाभर चमक येते खरी, पण त्या तेलकटपणावर धूळ चिकटून बसते.

मग आडबाजूच्या ठिकाणी एक परीक्षा करा. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन हलक्या हाताने चोळा. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर पारदर्शक थर नाही. रंग लागला नाही, तर तो थर आहे. पारदर्शक थर नसलेली गाडी पिठूळ झाली असेल तर बारीक पॉलिशने वरची मेलेली पूड निघते आणि खालचा ताजा रंग वर येतो. त्यावर वॅक्स लावावे.

मात्र एक पथ्य आहे. रंग केवढा पातळ असतो ते आत्ताच पाहिले. प्रत्येक पॉलिश त्यातला थोडा भाग खाते. कडा आणि कंगोरे इथे रंग आणखी पातळ असतो. तिथे मशीन दाबून धरली की क्षणात अस्तर दिसू लागते. म्हणून कडांवर हातानेच आणि हलके काम करावे. दर महिन्याला रबिंग करून घेणे म्हणजे अंगरखा धुऊन धुऊन फाडणे होय. वॅक्स मात्र वर्षातून दोन-तीनदा लावावे.

पक्ष्याची विष्ठा दिसली की त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून काढावी. ती आम्ल असते आणि तापलेल्या रंगात खड्डा पाडते. झाडाचा चीक लागला असेल तर तोही लवकर काढावा.

पापुद्रे सुटले तर

पारदर्शक थर एकदा सुटला की पॉलिश, वॅक्स, कसलाही लेप त्याला पुन्हा चिकटवू शकत नाही. कोणी तसे सांगितले तर विश्वास ठेवू नये. उपाय एकच. तेवढा भाग पॉलिश पेपरने घासून सपाट करायचा, रंग द्यायचा आणि त्यावर नवा पारदर्शक थर द्यायचा. अर्धे बॉनेट करण्यापेक्षा पूर्ण बॉनेट करावे, नाही तर जोड दिसतो आणि पुन्हा तिथूनच सुटतो.

पण घाई केलीच पाहिजे असेही नाही. पापुद्रा गेला तरी खाली रंग आणि अस्तर शाबूत असेल तर पत्रा अजून झाकलेला आहे. हातात पैसे नसतील तर थोडे थांबता येते. फक्त उघडा पडलेला रंग उन्हात लवकर खलास होतो, एवढे लक्षात असू द्यावे.

फोड आला तर

आता मुख्य गोष्ट. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून तो रंगाला आतून वर ढकलतो आणि फोड दिसतो. वरून फोड वाटाण्याएवढा असेल तर आतला गंज रुपयाएवढा असतो. असा फोड वरून घासून त्यावर रंग मारणे म्हणजे गळवावर पावडर लावणे.

क्रम असा. आधी फोड खरवडा. तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पेपर घ्या. चकचकीत पांढरा पत्रा दिसेपर्यंत, आणि त्याच्याही पुढे चारी बाजूंनी दोन बोटे घासा. मग पेचकसाच्या टोकाने पत्रा दाबून पाहा. पत्रा टणक लागला तर काम सोपे. पेचकस आत गेला तर तिथे पत्रा उरलेलाच नाही. सडलेला भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडणे, हाच मग मार्ग.

पत्रा टणक आहे, पण त्यात बारीक खड्ड्यांतून गंज उरला आहे असे समजू. त्याला फॉस्फोरिक आम्लाचे औषध मिळते. ते हातमोजे घालून लावावे. किती वेळ ठेवायचे, नंतर धुवायचे की पुसायचे, हे त्याच्या बाटलीवर लिहिलेले असते. ते वाचूनच करावे. पूर्ण वाळल्यावर त्याच दिवशी अस्तर द्यावे. आपल्या दमट हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस दिसतो.

मग लांबी, म्हणजे पुट्टी. लांबी ही सपाटी आणण्यासाठी आहे. भोक बुजवण्यासाठी नाही. ती पाणी पिते. गंजावर लावलेली लांबी ओलावा धरून ठेवते आणि खालचा पत्रा गुपचूप खाल्ला जातो. म्हणून लांबी पातळ हवी, आणि गंज काढलेल्या भक्कम पत्र्यावरच हवी. ती घासून झाल्यावर पुन्हा अस्तर. तेही ४०० किंवा ६०० नंबरच्या पेपरने घासावे. मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. एक जाड हात मारला तर रंग ओघळतो.

हंगामही पाहावा लागतो. पावसाळी हवेत एन. सी. रंग दुधाळ होतो, हे प्रत्येक पेंटरला ठाऊक आहे. आपल्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ रंगकामाला चांगला. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावरही रंग मारू नये.

एका व्हॅनची गोष्ट

आमच्या ओळखीचे एक दूधवाले होते. त्यांनी साठवलेल्या पैशांतून जुनी ऑम्नी व्हॅन घेतली. गाडी पांढरीशुभ्र, आरशासारखी. विकणारा म्हणाला, “आत्ताच पूर्ण रंगवली आहे, पाच वर्षे बघायला नको.” घरी आणून नारळ फोडला, पेढे वाटले. पुढे पावसाळा आला. गणपतीपर्यंत चाकांच्या कमानींवर फोड आले. दसऱ्याला दाराखालची लांबी तुकडा होऊन गळून पडली. एके दिवशी कॅन चढवताना पायाखालचा पत्रा खचला आणि पाय आत गेला. पोटरी फाटली, टाके पडले. दुरुस्तीचा आकडा ऐकून घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. मोठ्या मुलीची शिकवणी त्या वर्षी बंद झाली.

मंडळी, ही केवळ रंगाची गोष्ट नाही. जुन्या जीपला खाली वेगळी लोखंडी चौकट असते. वरचा पत्रा सडला तरी चौकट भार पेलते. मारुती किंवा ऑम्नीला तशी वेगळी चौकट नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा आहे. उंबरा, तळ आणि खांब हेच भार पेलतात आणि टक्कर झाली तर माणसाला वाचवतात. तिथे पत्र्याऐवजी लांबी असेल, तर ती गाडी म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा!

म्हणून जुनी गाडी घेताना पाच गोष्टी पाहाव्या. एक, गाडी दिवसा उजेडी, कोरडी पाहावी. ओल्या गाडीचे दोष झाकले जातात. दोन, एक लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्यावे. चांगल्या पत्र्याला ते घट्ट चिकटते. जाड लांबीवर सैल होते किंवा पडते. तीन, रबरी मॅट उचलून तळ पाहावा आणि हाताने दाबावा. चार, दाराच्या खालच्या कडा बोटांनी चाचपाव्या, आणि गाडीखाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहावे. खाली ताजा काळा रंग दिसला तर अधिकच बारकाईने पाहावे. पाच, काचेच्या रबरांवर रंगाचे शिंतोडे आहेत का ते पाहावे. असतील तर गाडी पुन्हा रंगवली आहे. पुन्हा रंगवणे हा गुन्हा नाही. पण का रंगवली, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. विचारायला लाजू नये.

रंगवणाऱ्याची छाती

इथपर्यंत गाडीचे झाले. आता माणसाचे.

गॅरेजात पंधरा-सोळा वर्षांची पोरे तोंडाला रुमाल बांधून गन चालवताना आपण पाहतो. रुमालाने धूळ थोडी अडते. वाफ अडत नाही. पी. यू. रंगातला तो हार्डनर, मघाशी म्हटले होते ना, त्यात आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. ते श्वासातून गेले की काही माणसांना दमा जडतो. आधी संध्याकाळी खोकला येतो, रात्री छाती आवळते, सुट्टीच्या दिवशी बरे वाटते. मग माणूस म्हणतो, “हवा बदलली.” हवा बदललेली नसते हो! एकदा शरीराने त्या द्रव्याशी वैर धरले की पुढे त्याचा थोडासा वासही त्रास देतो. मग ते काम सोडावेच लागते. घरचा कर्ता माणूस असा बसला तर त्या घराचे काय होत असेल?

म्हणून पी. यू. रंगाचे काम मोकळ्या हवेच्या किंवा पंख्याने हवा बाहेर काढणाऱ्या जागेतच करावे. बाकीच्या माणसांनी दूर राहावे. बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मुखवटा उत्तम. रुमालाला मुखवटा समजू नये. आणि असा खोकला सुरू झाला तर डॉक्टरांना आपण काय काम करतो हे आवर्जून सांगावे. पुष्कळ जण तेच सांगायचे विसरतात.

दुसरे विष शिशाचे. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत शिशाची संयुगे घालत असत. आपल्या देशात २०१६ साली नियम झाला की घरगुती व शोभेच्या रंगांत दहा लाख भागांत शिसे ९० भागांपेक्षा जास्त नसावे. पण तो नियम घराच्या रंगांचा. जुन्या मोटारीवरचा रंग त्याच्याही आधीचा. तो कोरडा घासला तर शिशाची धूळ उडते. ती मोठ्यांना वाईट, आणि लहान मुलांच्या मेंदूला तर फारच वाईट. म्हणून जुना रंग पाणी लावून, वॉटर पेपरने घासावा. पत्रा उघडा पडला की तो लगेच पुसून कोरडा करावा. लांबी कोरडीच घासावी लागते. तिथे धुळीचा चांगला मुखवटा लावावा. कामाचे कपडे गॅरेजातच बदलावे. त्याच कपड्यांनी घरी जाऊन लेकराला कडेवर घेऊ नये. हात साबणाने धुतल्याशिवाय चहासुद्धा पिऊ नये. थिनरने हात धुऊ नयेत. ते कातडीतून आत शिरते. आणि थिनरजवळ विडी पेटवणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

गाडीच्या मालकालाही आम्ही एक विनंती करतो. “उद्या सकाळी गाडी पाहिजे” असा धोशा लावू नका. तुमच्या घाईपायी अस्तर ओले राहते, गंज आत राहतो आणि पोराला रात्री बंद शटरच्या आत रंग मारावा लागतो. दोन दिवस जास्त द्या. गाडीही टिकेल, माणूसही.

किती खर्च करावा?

सगळी गाडी रंगवण्याचा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीएवढा होतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! म्हणून क्रम ठरवून घ्यावा. आधी ब्रेक, टायर आणि दिवे. मग तळ आणि उंबरा. मग फोड. चकाकी सगळ्यांत शेवटी. दाराच्या वरच्या भागावर फिकट डाग राहिला म्हणून कोणाचा जीव जात नाही.

खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. पुढे गाडीची तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. ज्यांची गाडी त्या वयाला आली आहे त्यांनी रंगाला पैसे घालण्याआधी तळ तपासून घ्यावा. तळ गेला असेल तर रंगाचे पैसे पाण्यात गेलेच म्हणून समजा.

रंग बदलण्याची हौस असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. नोंदणीच्या कागदात, म्हणजे आर. सी. मध्ये, गाडीचा रंग लिहिलेला असतो. रंग बदलला तर परिवहन कार्यालयात कळवून नोंद दुरुस्त करून घ्यावी. लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग तर खाजगी गाडीला देताच येत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशी मनाई आहे.

रोजची निगा

आपण समुद्राकाठची माणसे. आपल्याकडे वाऱ्यातच मीठ आहे. त्यात मासळीच्या पेट्यांचे खारे पाणी आणि खताच्या गोणींचा सांडलेला दाणा, हे दोन्ही पत्र्याचे वैरी. अशी खेप झाली की मॅट काढून तळ गोड्या पाण्याने धुवा आणि दारे उघडी ठेवून वाळवा. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका. ओल आत कोंडते. त्यापेक्षा झावळ्यांचा मांडव बरा. वर सावली, खालून वारा.

दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. त्यांत माती बसते. मग दार म्हणजे पाण्याची कळशी होते आणि आतून सडू लागते. मृग लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, ही भोके काडीने मोकळी करावी. त्याच दिवशी गाडीभोवती एक फेरी मारावी. दगड लागून जिथे जिथे टवका उडाला असेल तिथे खरवडून, पुसून, काडीने अस्तराचा ठिपका आणि त्यावर रंगाचा ठिपका द्यावा. दहा मिनिटांचे काम. ते चुकले तर पावसाळ्यानंतर तिथेच फोड हजर.

टवक्याला लावायचा रंग अंदाजाने आणू नका. पुष्कळ गाड्यांवर, इंजिनाच्या खोलीत किंवा दाराच्या चौकटीजवळ, एक लहान पट्टी असते. तिच्यावर रंगाचा सांकेतिक क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक दुकानात दिला तर त्याच मिळणीचा रंग मिळतो. अक्षर ओळखणाऱ्याचा इथे किती फायदा आहे पाहा. ज्याला वाचता येते त्याला दुकानदार “हाच तो रंग” म्हणून भलतीच डबी देऊ शकत नाही. डबीवर आगीचे चित्र असेल, श्वासाच्या धोक्याचे चित्र असेल, वापरण्याची मुदत लिहिली असेल, तेही त्याला कळते.

तेव्हा उद्या वर्गाला येताना एवढे करून या. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीवरची ती पट्टी शोधा आणि तिच्यावरचा क्रमांक वहीत उतरवून आणा. ज्यांची स्वतःची गाडी आहे त्यांनी आर. सी. वरचा रंग आणि नोंदणीची मुदत, या दोन ओळीही लिहून आणाव्या. मॅटखाली हात घालून तळ ओला आहे की कोरडा, तेही पाहून या. आपण फळ्यावर मांडू.